कोलोनची रांग: लोकांनी चर्च का सोडलं आणि फादरांनी काय केलं

जर्मनीत चर्च सोडायचं असेल तर फादरांना भेटावं लागत नाही, सरकारी कार्यालयात जावं लागतं. कोलोन शहर ज्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्यात आहे, तिथे हे काम स्थानिक न्यायालयाकडे असतं. ऑनलाइन तारीख घ्यायची, ओळखपत्र न्यायचं, ३० युरो भरायचे आणि कारकुनासमोर सही करायची. कारण कुणी विचारत नाही. हातात एक दाखला पडतो. तो जन्मभर सांभाळायचा, कारण पुढेमागे करखात्याने विचारलंच तर आपण बाहेर पडलो होतो हे आपल्यालाच दाखवून द्यावं लागतं.

२०२१ च्या सुरुवातीला या एवढ्याशा कामासाठी कोलोनमध्ये तारीख मिळेना. न्यायालयाने मार्चपासून महिन्याला हजाराऐवजी दीड हजार जणांची सोय केली, तरी पुरेना. फेब्रुवारीत नव्या तारखा खुल्या झाल्या तेव्हा इतकी झुंबड उडाली की सर्व्हरच बसला. वर्षअखेर हिशेब लागला तेव्हा एकट्या कोलोन शहरात १९ हजारांहून जास्त लोकांनी सही केली होती. आदल्या वर्षी हा आकडा सात हजारांच्या आत होता. ते वर्ष करोनाचं होतं, कार्यालयं बंद होती, त्यामुळे थोडी सूट द्यायला हवी. पण पूर्ण महाधर्मप्रांताचे, म्हणजे कोलोनच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या भागाचे, आकडे पाहिले तर ती सूट फार कामाची नाही असं दिसतं: २०१९ मध्ये २४,२९८ कॅथलिक बाहेर पडले, २०२० मध्ये १७,२८१, २०२१ मध्ये ४०,७७२ आणि २०२२ मध्ये ५१,३४५.

कोलोन हा जर्मनीतला सर्वांत मोठा कॅथलिक धर्मप्रांत. २०२० च्या सुमारास तिथे एकोणीस लाखांच्या आसपास कॅथलिक होते. शिवाय श्रीमंत. तिथे काय घडलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण लोक का जातात आणि फादर काय करतात हे दोन्ही प्रश्न इथे कागदोपत्री उघडे पडले. एरवी अशा गोष्टी जेवणाच्या टेबलावर नाहीतर पापनिवेदनाच्या खोलीतच राहतात.

पगाराच्या चिठ्ठीवरची एक ओळ

आपल्याकडच्या वाचकाला आधी हेच खटकेल की चर्च सोडायला सही कशाला हवी? वसईत किंवा गोव्यात एखाद्याला चर्चला जायचं नसेल तर तो जात नाही. आधी पावसाळ्यात मिस्सा चुकते, मग लग्नसराईत, मग माणूस नाताळ-ईस्टरपुरता उरतो. ‘बिलीव्हर’ लोकांच्या प्रार्थनासभेला जाऊ लागला तर गावात कुजबुज होते, नातेवाईक समजावतात, फादर घरी येऊन जातात. पण कुठल्या सरकारी कार्यालयात त्याची नोंद होत नाही. धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वहीत नाव आहे तिथेच राहतं.

जर्मनीत नोंद होते कारण मधे पैसा आहे. मोठी चर्चेस तिथे सार्वजनिक कायद्याखालच्या संस्था आहेत आणि आपल्या सभासदांवर त्यांना कर बसवता येतो. आयकराच्या नऊ टक्के. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आठ टक्के. तो सरकारच कापून घेतं आणि वसुलीचा खर्च वजा करून चर्चला देतं. एखाद्याचा महिन्याचा आयकर ८०० युरो असेल तर चर्च-कर ७२ युरो, वर्षाचे ८६४. रुपयांत पाऊण लाखाच्या वर. विवरणपत्रात त्यावर काही सवलत मिळते, पण महिन्याच्या चिठ्ठीत ती दिसत नाही. दिसते ती कापलेली रक्कम.

परदेशातून आलेल्यांनाही हे चुकत नाही. नव्या शहरात पत्त्याची नोंदणी करताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. पुण्याहून गेलेला हिंदू मुलगा तो रिकामा सोडतो आणि विसरून जातो. वसईचा कॅथलिक मुलगा खरं ते लिहितो आणि महिनाअखेरीला आयकराखाली आणखी एक ओळ पाहून चक्रावतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यातून जाणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींना भाषेच्या वर्गात ही ओळ कुणीतरी समजावून सांगायला हरकत नाही.

मग लोक पैसे वाचवायला जातात, एवढंच आहे का? बिशपांच्या कचेऱ्यांत बरीच वर्षं हेच सोयीचं उत्तर होतं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दोन्ही मोठ्या चर्चेसच्या सभासदसंख्येचा २०६० पर्यंतचा अंदाज मांडला, तेव्हा बाहेर पडण्याचं प्रमाण पंचविशी ते पस्तिशीत सर्वाधिक दिसलं. म्हणजे पहिली बरी नोकरी लागते तेव्हा. २०१४ मध्ये तर गंमतच झाली. व्याजावरचा चर्च-कर बँका यापुढे परस्पर कापतील, अशी पत्रं खातेदारांना गेली. कर जुनाच होता, फक्त वसुलीची पद्धत बदलली होती. तरी त्या वर्षी दोन लाखांहून जास्त कॅथलिक बाहेर पडले.

पण कोलोनच्या शेजारच्या एसेन धर्मप्रांताने बाहेर पडलेल्यांचाच अभ्यास करून घेतला आणि २०१८ मध्ये तो छापला. त्यात निघालं ते असं की कर हे बहुतेकांच्या बाबतीत निमित्त असतं. मुळात नातं आधीच सुटलेलं असतं. चर्चशी वर्षानुवर्षं काही संबंध नाही, तिथे बोललं जातं ते आपल्या आयुष्याला लागत नाही, मग एक दिवस चिठ्ठीवरची ती ओळ नजरेत भरते. ज्याला आपलं वाटतं तो त्याच ७२ युरोंबद्दल कुरकुर करतो आणि भरतो. आपल्याकडे सोसायटीची वर्गणी भरतात तसाच.

एसेनचा हा निष्कर्ष मला पटतो. फक्त कोलोनला तो पुरत नाही. तिथे फक्त आधीच सुटलेली नाती तुटली असं नाही. चांगलं घट्ट नातं असलेले लोकही रांगेत उभे होते.

अहवाल, जो छापलाच नाही

२५ सप्टेंबर २०१८ रोजी फुल्डा शहरात जर्मन बिशपांनी एक मोठा अभ्यास जाहीर केला. १९४६ ते २०१४ या काळात १,६७० धर्मगुरूंवर आणि धर्मसेवकांवर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप कागदपत्रांत सापडले होते; बळींची संख्या ३,६७७. हे आकडे देशभराचे. कुठल्या बिशपांनी काय दडपलं, कुणाची बदली कुणी केली, हे त्यात नव्हतं.

कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल राइनर मारिया वोएल्की यांनी तेव्हा पुढाकार घेतला, हे विसरून चालणार नाही. २०१४ मध्ये बर्लिनहून ते आपल्या जन्मगावी परत आले तेव्हा लोकांना त्यांच्याकडून आशा होती. २०१६ मध्ये ख्रिस्तशरीराच्या सणाला त्यांनी निर्वासितांची एक खरीखुरी बोट कॅथेड्रलसमोर वेदी म्हणून वापरली, ते चित्र देशभर गाजलं. अत्याचारांच्या बाबतीतही आपण स्वतंत्र चौकशी करू, जबाबदार लोकांची नावं घेऊ, असं त्यांनी सांगितलं. म्युनिकच्या एका वकिली कचेरीला काम दिलं. अत्याचार सोसलेल्यांचं एक सल्लागार मंडळही नेमलं.

मार्च २०२० मध्ये अहवाल जाहीर व्हायचा होता. ऐन वेळी पुढे ढकलला. ३० ऑक्टोबर २०२० ला सांगण्यात आलं की तो जाहीर होणारच नाही. पद्धतीत दोष आहेत, कायद्याच्या दृष्टीने टिकणार नाही, म्हणून कोलोनचे फौजदारी वकील ब्योर्न गेर्के नवा अहवाल करतील. सल्लागार मंडळाकडून या निर्णयाला संमती घेतली गेली होती. थोड्याच दिवसांत मंडळाच्या प्रवक्त्यांनी राजीनामे दिले. आपला वापर झाला, पुन्हा एकदा वापर झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रकरणातला सर्वांत वाईट भाग माझ्या मते हाच. अत्याचाराची जखम असलेल्या माणसांना बैठकीला बोलावून त्यांच्या संमतीची ढाल करणं.

त्याच नोव्हेंबरमध्ये शेजारच्या आखन धर्मप्रांताने आपला अहवाल छापला. तोही त्याच म्युनिकच्या कचेरीने केलेला. तो कायद्याने टिकला. मग कोलोनचाच कसा टिकत नाही, हे सामान्य माणसाला कुणी समजावू शकलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये पत्रकारांना जुन्या अहवालातले दोष दाखवायला बोलावलं आणि आधी गुप्ततेच्या कागदावर सही मागितली. पत्रकार उठून गेले.

त्याआधी नाताळच्या मिस्सेत कार्डिनलांनी क्षमा मागितली होती. कशाची? अहवालाच्या आणि आपल्यावरच्या टीकेच्या निमित्ताने पीडितांना आणि भाविकांना जे सोसावं लागलं, त्याची. आपल्या हातून काय चुकलं, त्याची नाही. बाकांवर बसलेल्यांना हा फरक लगेच कळला.

१८ मार्च २०२१ ला गेर्के यांचा सुमारे ८०० पानांचा अहवाल आला. १९७५ ते २०१८ या काळातले २०२ आरोपी आणि किमान ३१४ बळी. आठ वरिष्ठांच्या हातून कर्तव्यात झालेल्या ७५ कसुरी. त्यातल्या २४ एकट्या कार्डिनल योआखिम माइस्नर यांच्या, जे २०१७ मध्ये वारले होते. माइस्नर यांनी आपल्याकडे वेगळी ठेवलेली एक फाइल सापडली. तिच्यावर लिहिलं होतं ‘धुक्यातले बंधू’. वोएल्की यांच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका आला नाही. त्यांनी त्याच दिवशी, कॅमेऱ्यांसमोर, दोन अधिकाऱ्यांना कामावरून दूर केलं. पूर्वी कोलोनमध्ये काम केलेले हॅम्बुर्गचे आर्चबिशप श्टेफान हेसे यांच्या नावावर ११ कसुरी होत्या. त्यांनी पोपकडे राजीनामा दिला. पोपने तो सप्टेंबरमध्ये नाकारला.

म्हणजे कायद्याच्या भाषेत कार्डिनल निर्दोष. आणि नेमक्या त्याच वर्षी रांग दुप्पट झाली. वकिलाने उत्तर दिलं होतं ते ‘नियम मोडला का?’ या प्रश्नाचं. लोक विचारत होते की तुम्हाला या मुलांचं दुःख झालं का, आणि झालं असेल तर ते तुमच्या वागण्यात कुठे दिसतं? पुढे उघड झालं की अहवाल, वकील आणि जनसंपर्काचे सल्लागार यांवर तीन वर्षांत सुमारे २८ लाख युरो खर्च झाले. पिढ्यान्पिढ्या कर भरणाऱ्या घरांत ही बातमी कशी वाचली गेली असेल, ते सांगायला नको.

रोमने दोन बिशप तपासणीला पाठवले. २४ सप्टेंबर २०२१ ला निर्णय आला: कार्डिनलांचा काही दडपण्याचा हेतू नव्हता, पण लोकांशी बोलण्यात त्यांनी मोठ्या चुका केल्या, त्यांनी काही महिने बाजूला राहावं. २ मार्च २०२२ ला, राखेच्या बुधवारी, ते परतले. सोबत पोपकडे राजीनामा दिल्याचंही सांगितलं. पोपने त्यावर काहीच केलं नाही. ५१,३४५ हा आकडा त्या वर्षाचा.

रांगेत कोण होतं

राग कॅथलिक बिशपांवरचा, पण कोर्टात प्रोटेस्टंटही दिसू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला चर्च म्हणजे चर्च. कोणाचे आर्चबिशप आणि कोणाची सिनड (प्रोटेस्टंटांची निवडलेली सभा), एवढा विचार करतो कोण? प्रोटेस्टंट पाळकांनी याबद्दल बरीच हळहळ केली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याही चर्चमधल्या अत्याचारांचा अभ्यास आला, तेव्हा त्या हळहळीला फारसा अर्थ उरला नाही.

तरुण तर होतेच. पण २०२१ पासून जे वेगळं दिसलं ते वयस्कर लोकांचं जाणं. चाळीस वर्षं चर्चच्या गायनवृंदात गाणाऱ्या, पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या, वृद्धाश्रमात फेऱ्या मारणाऱ्या बाया. यांच्यासाठी कराचा प्रश्न नव्हता. पेन्शनवर आयकरच बेताचा, तर चर्च-कर किती असणार? २०१९ मध्ये म्युन्स्टर शहरातून सुरू झालेल्या ‘मारिया २.०’ चळवळीत अशाच बाया पुढे होत्या. त्या आठवडाभर चर्चच्या आत गेल्या नाहीत, बाहेर अंगणात प्रार्थना केली. हा संप होता, राजीनामा नव्हता. त्यातल्या काहींनी पुढे सही केली.

जर्मनीत धर्मगुरू मंडळींना थट्टेनं देवाचा ग्राउंड स्टाफ म्हणतात. आमची तक्रार वरच्याशी नाही, ग्राउंड स्टाफशी आहे, असं म्हणत जाणारे पुष्कळ. ही माणसं श्रद्धा सोडत नव्हती. २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या सभासद-पाहणीत ९६ टक्के कॅथलिकांनी सांगितलं की चर्चला भवितव्य हवं असेल तर त्याला मुळापासून बदलावं लागेल. प्रोटेस्टंटांत हे प्रमाण ८० टक्के होतं. शंभरातले शहाण्णव हा काही बंडखोरांचा आकडा नाही. त्यात दर रविवारी मिस्सेला येणारेही आले.

आणि काहींना जायचं असूनही जाता येत नव्हतं. कॅथलिक रुग्णालयं, बालवाड्या, वृद्धाश्रम चालवणारी कारितास ही संस्था म्हणजे सात लाखांच्या आसपास नोकऱ्या. तिथला कर्मचारी चर्चमधून बाहेर पडला तर नोकरी जाऊ शकते. २०२२ च्या नव्या नियमांनी कर्मचाऱ्यांचं खासगी आयुष्य, घटस्फोट, समलिंगी जोडीदार यांकडे पाहणं सोडलं. चर्च सोडण्याबद्दलची अट मात्र ठेवली. त्यामुळे आतल्यांच्या संख्येत मनाने केव्हाच बाहेर पडलेल्या किती नर्सेस असतील, हे बिशपांनाही सांगता येणार नाही.

फादरांच्या टेबलावरचं पत्र

आता दुसरी बाजू. कोर्टात सही झाली की काही दिवसांनी धर्मग्रामाच्या कचेरीत नाव येतं. फादर ते स्नानसंस्काराच्या नोंदीत कळवायची व्यवस्था करतात आणि मग त्यांनी त्या माणसाला पत्र पाठवायचं असतं.

या पत्राची कथा अशी. फ्रायबुर्गचे एक निवृत्त धर्मकायदा-प्राध्यापक हार्टमुट त्साप यांनी २००७ मध्ये जाहीर केलं की मी करवसुली करणाऱ्या संस्थेतून बाहेर पडतो आहे, कॅथलिक श्रद्धेतून नाही. प्रकरण लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये असं अर्धवट बाहेर पडता येणार नाही असा निकाल लागला. त्याच आठवड्यात, निकालाच्या आधी, बिशप परिषदेने आपला हुकूम लागू केला. कोर्टात सही करणाऱ्याला पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) नाही. अंत्यसंस्कारापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली नाही तर चर्चचा दफनविधी नाकारता येईल. कुणाचा धर्मपिता-धर्ममाता होता येणार नाही. चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची परवानगी. मृत्यू समोर असताना मात्र संस्कार नाकारायचे नाहीत.

पत्राचा नमुनाही परिषदेने दिला. सुरुवातीला खेद, मग कारण जाणून घ्यायची इच्छा, भेटीचं आमंत्रण. आणि त्याच पत्रात ही वरची यादी. एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने नोटीस चिकटवणारं हे पत्र अनेक फादरांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. कुणी यादी काढून टाकून स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या. कुणी फक्त फोन नंबर दिला. कुणी काहीच पाठवलं नाही.

संख्याही पाहा. कोलोन महाधर्मप्रांतात तेव्हा १८० च्या आसपास धर्मग्रामगट होते; एका गटात सरासरी दहा हजार माणसं. २०२१ चे ४०,७७२ त्यांत वाटले तर प्रत्येक गटाच्या फादरांकडे वर्षाला सव्वादोनशे नावं, म्हणजे आठवड्याला चार. त्यातली बहुतेक नावं त्यांनी कधी ऐकलेलीही नसतात. उरलेल्यांत मात्र एखादं असं असतं की ते पाहून चहा थंड होतो: मागच्या ईस्टरला वाचन करणारी बाई, दृढीकरणाच्या वर्गात मदत करणारा बाप.

या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला फादर काय सांगणार? ‘तुमचा राग खरा आहे’ म्हणावं तर वरिष्ठांविरुद्ध बोलल्यासारखं. ‘थोडं थांबा’ म्हणावं तर कशासाठी थांबायचं, हे त्यांनाही ठाऊक नाही. कोलोनमधल्या फादरांची कोंडी इथे झाली. जाणाऱ्याची जी तक्रार तीच त्यांची स्वतःची. फक्त त्यांचा पगार, घर आणि आज्ञापालनाची शपथ त्याच दारामागे.

काहींनी तोंड उघडलं. डोरमागन गावच्या धर्मगुरूंनी नाताळच्या त्या भाषणावर वर्तमानपत्रातून टीका केली, तर महाधर्मप्रांताकडून त्यांना कारवाईचा इशारा देणारं पत्र आलं. परिणाम उलटाच झाला; जानेवारी २०२१ मध्ये तीसहून जास्त धर्मगुरूंनी मिळून उघड पत्र लिहिलं. प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांच्या, धर्मप्रांतीय परिषदेनेही कार्डिनलांच्या नव्या आराखड्याच्या बैठकांतून अंग काढून घेतलं. ड्युसेलडॉर्फच्या गेरेसहाइम भागातलं उदाहरण तर लक्षात राहण्यासारखं आहे. तिथे पूर्वी आरोप झालेले धर्मगुरू काम करून गेले होते. तिथल्या भाविकांनी कार्डिनलांना कळवलं की मुलांच्या दृढीकरणाला तुम्ही येऊ नका. कार्डिनल त्यांच्याशी बोलायला आले तेव्हा बाहेर लोक फुटबॉलच्या पंचासारखी लाल कार्डं धरून उभे होते. कार्डिनल स्वतः एफसी कोलोनचे चाहते. लाल कार्डाचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागला नसेल.

माझ्या मते सगळ्या प्रकरणात एकच उत्तर खऱ्या अर्थाने मेंढपाळाचं होतं, आणि ते तात्पुरत्या माणसाकडून आलं. कार्डिनल बाजूला असताना कारभार पाहणारे सहायक बिशप रोल्फ श्टाइनहॉयझर नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅथेड्रलमधल्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेत उभे राहिले आणि म्हणाले की मी या गुन्हेगार संघटनेचा प्रमुख म्हणून इथे उभा आहे. त्यांच्यावर स्वतः एकही आरोप नव्हता. काही धर्मगुरूंना हे शब्द टोचले. ‘आम्ही सगळे गुन्हेगार का?’ असं त्यांनी विचारलं. पण अत्याचार सोसलेल्या माणसाला ज्या शब्दांची वाट पाहायला लागली होती, ते तेच होते. त्याने रांग थांबली का? नाही. तेवढ्याने थांबावी अशी अपेक्षाही कुणी करू नये.

आणि काही फादर स्वतःच गेले. श्पायर धर्मप्रांताचे व्हिकर जनरल, म्हणजे बिशपांच्या खालोखालचे अधिकारी, आंद्रेआस श्टुर्म यांनी मे २०२२ मध्ये पद सोडलं आणि रोमपासून वेगळ्या असलेल्या ओल्ड कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला. तिथे धर्मगुरूंना लग्न करता येतं, स्त्रियांनाही दीक्षा मिळते. वर्षानुवर्षं इतरांची बाहेर पडण्याची पत्रं ज्यांच्या कचेरीतून हाताळली गेली, त्यांचंच नाव यादीत आलं.

परतीची वाट आहे. त्याला कोर्ट लागत नाही. फादरांशी बोलायचं, बिशपांची संमती घ्यायची. पण २०२२ मध्ये देशभरात ५,२२,८२१ कॅथलिक बाहेर पडले आणि परत आले ते चार हजारांच्या आत. त्यामुळे ‘परत आणा’ मोहिमा जवळपास निरर्थक आहेत असं मी म्हणेन. ज्या फादरांनी बोलावणं ठेवलं पण भरती करायचा आव आणला नाही, त्यांच्याकडे लोक निदान आईच्या दफनविधीसाठी, नातवाच्या स्नानसंस्कारासाठी फोन करतात. आईचं नाव अजून चर्चच्या वहीत असतं, मुलीचं नसतं. समोरासमोर बसून विधीतली गाणी ठरवायची असतात. पत्रातली यादी या भेटीत कुणी काढत नाही.

पुढचं

जून २०२३ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने एका माजी वेदीसेवकाला ३ लाख युरो भरपाई द्यायला महाधर्मप्रांताला सांगितलं. त्या खटल्यात महाधर्मप्रांताने मुदतबाह्यतेचा, म्हणजे दाव्याची कायदेशीर मुदत संपल्याचा, आडोसा घेतला नाही, हे नोंदवायला हवं. त्याच महिन्यात कार्डिनलांच्या निवासावर पोलिसांनी झडती घेतली. एका प्रकरणात त्यांना कधी काय माहीत होतं याबद्दल त्यांनी शपथेवर खोटं सांगितलं का, याचा तपास चालू होता. मे २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी २६,००० युरो भरण्याच्या अटीवर तो बंद केला. दरम्यान मेटमान गावच्या धर्मगुरूंना समलिंगी जोडप्यांनाही खुल्या असलेल्या आशीर्वाद-प्रार्थनेबद्दल समज मिळाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या समर्थनार्थ कॅथेड्रलसमोर पुन्हा प्रार्थना झाली.

देशभरात बाहेर पडणाऱ्यांचा आकडा २०२३ मध्ये ४,०२,६९४ वर आणि २०२४ मध्ये ३,२१,६११ वर आला. काही बिशपांनी याला दिलासा म्हटलं. ज्यांना जायचं होतं त्यांतले बरेचसे गेले, हेही एक स्पष्टीकरण आहे, आणि मला ते जास्त बरोबर वाटतं. धर्मग्रामगट आता आणखी एकत्र केले गेले, १८० चे सत्तरच्या आत आले. म्हणजे त्याच फादरांना आता जवळपास तिप्पट मोठ्या भागातली नावं पाहायची आहेत.

कॅथलिक नियमानुसार बिशपांनी वयाच्या पंचाहत्तरीला राजीनामा द्यायचा असतो. वोएल्की यांचा जन्म ऑगस्ट १९५६ चा. डोरमागन किंवा गेरेसहाइमच्या फादरांच्या दिनदर्शिकेत ते वर्ष २०३१ आहे.